केशोराव टेलरची डाडक

आमच्या अर्जुनीत केशोराव टेलरकडे पँट शिवायला टाकणाऱ्याला दोन गोष्टी सोसाव्या लागत. एक, पँट सांगितल्या दिवशी मिळत नसे. दोन, माप देताना डाडक ही मासोळी मरळीपेक्षा सरस का, यावरचं भाषण उभ्याउभ्या ऐकावं लागे. हात वर, पोट आत, तोंड बंद. आणि काखेतला आकडा वाचता वाचता टेलरकाका सांगतो आहे की मरळीला नुसतं नाव आहे, चव डाडकीची. पळून जायची सोय नाही. टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात.

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान त्याच्या दुकानाला लागून. मधे नुसता पत्रा. त्यामुळे हे भाषण मला रोज ऐकू येई, आणि लग्नसराईत तर मी ते झोपेतही पाठ म्हणून दाखवलं असतं. आता ते बंद झालं आहे. काका मुकाट्यानं माप घेतो, मुकाट्यानं कापड कापतो. गिऱ्हाइकांना वाटतं म्हातारा झाला. तसं नाही.

ज्यांच्याकडे मासे म्हणजे बर्फातून येणारं पापलेट, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या जुन्या तलावांत तीन बहिणी राहत. तिघींचं डोकं सापासारखं चपटं, तिघी पाण्याबाहेर तोंड काढून श्वास घेतात, तिघी बालटीत तासन् तास जिवंत राहतात. थोरली मरळ. हातभर वाढते, पोसली तर त्याहून जास्त. मांस पांढरं, जाड, काटा जवळजवळ नाहीच. म्हणून बाळंतिणीला आणि आजाऱ्याला तीच देतात. मधली डाडक. वीतभर, अंगावर मिरं दळून भुरभुरल्यासारखे काळे ठिपके. धाकटी बोटरी, बोटाएवढी, पंखांना तांबडी किनार. ती नाल्यातही राहते, विहिरीतही राहते, तिचा कोणाला अभिमान नाही. भांडण थोरल्या दोघींवरून.

आणि भांडायला दोनच माणसं. डाडकीचा वकील केशोराव टेलर. मरळीचा वकील दसरू कुंभरे, वनखात्यात मजुरी करून निवृत्त झालेला, नवेगावच्या रस्त्याकडच्या टोलीवर, म्हणजे वाडीवर, राहणारा. दर रविवारी दोघं मोठ्या तलावाच्या पाळीवर बसत. बांबूच्या काठ्या, गळाच्या गरीला दसरूकडे बेडकी तर टेलरकडे गांडूळ. टेलरची दोरी मशीनच्या लाकडी रिळाला गुंडाळलेली. तेच रीळ पाण्यावर तरंगे आणि मासा ओढला की बुडे. पाण्याकडे तोंड करून दोघं एकमेकांशी बोलत.

"मरळ म्हंजे सुटाचा कपडा हाय दसरू. दिसते भारी, पन अंगाले लागत नाही. डाडक म्हंजे सुती."

"तू सुटाचा कपडा कधी शिवलास बे? शाळेच्या हाफपँटा शिवून शिवून तुही जीभ बी खाकी झाली."

"डाडकीचा रस्सा घट येते."

"घट येते कारन तू त्यात चार मुठी बेसन टाकतेस. मंगलीले इचार."

मंगली म्हणजे दसरूची बायको. तिला कोणी विचारत नसे. टेलरच्या बायकोला, जमुनाबाईला विचारलं तर ती म्हणे, "दोगाईले बी पान्यात टाकून द्या, आन मासोळ्याईले पाळीवर बसवा. थ्या कमी बोलतीन."

या भांडणात एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. मूळ कायदा दसरूचा, पण टेलरनं तो कधी मोडला नव्हता. पावसाळ्यात मरळ पिल्लं घालते. शेकडो पिल्लं एका जागी गोळा होऊन वर येतात, पाण्यावर कोणी लाल ओढणी पसरावी तशी. खाली मरळ पहारा देते. त्या दिवसांत ती भुकेनं नाही, रागानं तोंड मारते. ओढणीत काहीही पडो, बेडकी, चिंधी, नुसता खडा, ती झडप घालणारच. म्हणजे तिला धरणं पोरखेळ. म्हणूनच धरायची नाही. पहारा गेला की ओढणी तासाभरात फस्त होते. "पिल्लावरच्या मासोळीले गरी नाही," दसरू म्हणे, आणि कोणी टाकली तर काठी मोडून पाण्यात फेकी. एका नातेवाइकाची मोडली होती. तो नातेवाईक पुढे लग्नाला आला नाही. दसरूनं त्याची खंत केली नाही.

मग दसरूच्या गालात फोड आला.

आमच्या भागात त्याचं कारण कोणी विचारत नाही. पानठेल्यावर सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा पन्नीत घोटताना आपण सगळेच पाहतो, आणि घोटून झाला की सगळेच हात पुढे करतो. नागपूरला नेलं. अर्धा गाल काढला, मग शेक दिला. गावात किरणांना शेकच म्हणतात. दसरू परत आला तेव्हा त्याचं तोंड एका बाजूनं शिवलेल्या खिशासारखं दिसत होतं. ही उपमा माझी नाही, टेलरकाकाची.

तोंड हळूहळू उघडायला लागलं, पण चव गेली. पेज दिली तरी राखड, वरण दिलं तरी राखड. डॉक्टरांनी सांगितलं होतं की चव काहींची येते, काहींची यायला वेळ लागतो, जेवण सोडू नका. दसरूनं यातलं आपल्या सोयीचं तेवढं घेतलं आणि बाकीचं स्वतः जोडलं.

"मरळ आना," तो म्हणाला. बोलताना शब्द ओले होऊन बाहेर येत. "तलावाची. मरळीची चव लागली त समजा मी वाचतो. नाही लागली त मंग जबरदस्तीनं खाऊ घालू नका."

बाकी काही खाईना. वाटी समोर आली की तोंड भिंतीकडे. मंगलीबाई दुकानाच्या पायरीवर येऊन बसली, पदर तोंडाला. "केशोभाऊ, बुढा हट्टाले पेटला. दोन घोट घेते आन ठेवून देते. तुमीच काई करा."

टेलरनं मशीन थांबवलं. "काऊन रडतेस? मरळच मांगते न? सोनं त नाही मांगत."

सोनं मागितलं असतं तर सोपं गेलं असतं. सोनाराचं दुकान तरी आहे.

मोठ्या तलावात मरळ राहिली नव्हती. मासेमारी संस्थेनं रोहू-कतल्याचं बीज टाकायचं ठरवलं, तेव्हा आधी माशांना विष असलेली मोहाची ढेप टाकून तलाव साफ केला. मरळ बीज खाते, म्हणून तिला आधी काढावी लागते, तशी पद्धतच आहे. डाडकी चिखलात घुसून वाचल्या. मरळ मोठी, ती कुठे लपणार? मरळी पांढरी पोटं वर करून तरंगल्या होत्या, आणि तेव्हा ते बघायला दसरू पाळीवर आला नव्हता.

टेलरनं पहिल्यांदा बाजारातून आणली. टाक्यात पोसलेली, गुबगुबीत. दसरूनं बालटीत डोकावून पाहिलं, बोटानं तिचं पोट दाबलं आणि म्हणाला, "खुराकाची हाय. कोंबडीसारखी." आणि भिंतीकडे वळला.

मग श्रावण लागला. जमुनाबाईच्या घरात श्रावणात मासा शिजत नाही, आणि हात लावलेला माणूस अंघोळीशिवाय आत येत नाही. टेलर रविवारी अंघोळ दोनदा करायला लागला. आधी तो जवळच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, धुंडून आला. मग एका रविवारी मला म्हणाला, "बाबू, गाडीत पेट्रोल हाय का?"

आम्ही इटियाडोहला गेलो. धानाची रोवणी आटोपली होती, दोन्हीकडे शेतांच्या बांध्या हिरव्या. धरणाचं पाणी मोठं, वारा मोठा. त्याचं मशीनचं रीळ त्या लाटांवर अगदीच शाळकरी दिसत होतं. दुपारपर्यंत चिलापी लागत राहिली. चिलापी म्हणजे ती बाहेरून आलेली, कुठेही वाढणारी, कोणालाही लागणारी मासोळी. टेलर एकेक सोडवून परत टाकी.

"काका, चिलापीबद्दल तुमचं काय मत?" मी विचारलं.

"तयार कपडा," तो म्हणाला. बस्स. एरवी यावर अर्धा तास निघाला असता.

परतताना त्यानं गाडी मोठ्या तलावाकडे वळवायला सांगितली. काही कारण नव्हतं. रविवार होता आणि त्याचे पाय रविवारी तिकडेच जातात. पाळीच्या पलीकडच्या टोकाला, जिथे बेशरमाची झाडं पाण्यात उतरली आहेत आणि देवधानाचं गवत माजलं आहे, तिथे तो थांबला. मला वाटलं लघवीला थांबला. तो थांबलाच राहिला.

देवधानाच्या काड्यांमधे पाण्यावर एक लाल ओढणी होती. लहान, माझ्या रुमालाएवढी. हलत होती. वर येई, बुडबुडे सोडी, खाली जाई.

"डाडकीची पिल्लं?" मी विचारलं.

"डाडकीची इतकी लाल नसतात." त्याचा आवाज एकदम खाली गेला. "मरळ हाय. वाचली कशी बे ही?"

तो आनंदानं म्हणतोय असं मला वाटलं. मग त्याचं तोंड पाहिलं. तो काठीकडे पाहत होता. मग टोलीच्या दिशेनं पाहिलं. तिथून दसरूचं घर दिसत नाही, तरी पाहिलं. मग खाली बसून त्यानं गवतातून एक बेडकी धरली.

"काका, पिल्लावरची आहे न?"

"दिसते मले. टेलर हाव, आंधळा नाही."

रीळ त्यानं काढून ठेवलं. त्याची गरज नव्हती. बेडकी ओढणीच्या मधोमध पडली, आणि पाणी खालून फुटलं. एवढं सोपं काम मी त्याला पाळीवर कधी करताना पाहिलं नव्हतं. एक ओढ, दुसरी ओढ, आणि मरळ गवतात. हातभर लांब, पण वाळलेली. पोट आत, डोकंच काय ते मोठं. पहाऱ्यावरची मरळ पोटभर खात नाही. टेलरनं ती बालटीत घातली, तिच्यावर शर्ट काढून झाकला, आणि मग निघायचं सोडून पाण्याकडे पाहत बसला. जोडीदार येईल म्हणून. कधी दोघं पहारा देतात.

कोणी आलं नाही. ओढणी जागच्या जागी घुटमळली, मग एका बाजूनं उसवली. खालून बारीक टपटप सुरू झाली. ठिपक्याठिपक्यांच्या पाठी पाण्यावर चमकून जात होत्या. एक, मग बऱ्याच.

"डाडकी," टेलर म्हणाला. "माह्याच डाडकी."

शर्टाशिवायच तो गाडीवर बसला. वाटेत कोणी विचारलं, "टेलरसाहेब, कापड संपलं का?" त्यावर मीच हसलो. नंतर मीही हसलो नाही.

दसरूकडे त्यानं बालटी थेट चुलीपाशी नेली. दसरू खाटेवर होता. आत बघायला उठण्याचं बळ नव्हतं, आणि टेलरनंही दाखवायची घाई केली नाही. वाळलेलं पोट पाहताच दसरूनं ओळखलं असतं. मंगलीबाईनं आंब्याच्या वाळवलेल्या फोडी टाकून पातळ रस्सा केला, तिखट नावापुरतं. काटा नव्हताच, तरी बोटांनी मांस चुरून पाहिलं. ती वाटी घेऊन आली तेव्हा घरभर वास होता. मला जो वास येत होता तो दसरूलाही येतो आहे असं समजून मी त्याच्याकडे पाहत राहिलो.

पहिला चमचा त्यानं तोंडात बराच वेळ ठेवला. गिळला. दुसरा घेतला. डोळे मिटले, कपाळाला आठ्या, कोणी दूरवरून हाक मारतंय आणि ऐकू येत नाहीये तसे. तिसरा अर्धा चमचा बाहेर आला, दाढीवरून ओघळला. मंगलीबाईनं पुसला.

डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं.

"केशो," तो म्हणाला, "मरळच हाय न?"

मंगलीबाईच्या हातात वाटी, ती टेलरकडे पाहतेय. मला कळत होतं की आता "हो" म्हटलं की संपलं. मरळीची चव नाही लागली, म्हणजे जीभ मेली, म्हणजे यापुढे वाटी नाही. त्यानंच लावलेला कायदा.

टेलरनं नाक पुसलं. खालमानेनं, पकडलेल्या चोरासारखा म्हणाला, "डाडक हाय."

"का म्हनलास?"

"डाडक. मोठी लागली होती. म्हटलं तुले का समजते. मरळ भेटलीच नाही गा. फशिवलो तुले."

दसरू त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याच्या उरलेल्या अर्ध्या तोंडात काहीतरी हललं. तो हसत होता. खोकला आला, तरी हसत होता.

"मंगले, आयकलंस? ह्यो टेलर! जिंदगीभर डाडक डाडक... ना चव, ना ढव! राखड! मी सांगत नव्हतो? म्हन आता. मरळच भारी. म्हन."

"मरळ भारी," केशोराव म्हणाला.

"जोरानं."

"मरळच भारी. मान गया."

"या पोरासमोर म्हनलास. गवाह हाय." दसरूनं वाटीकडे हात केला. "आन इकडं. डाडक त डाडक. मरळ येतपर्यंत पोटात काई पायजे न."

आणि त्यानं ती वाटी संपवली. चवीशिवाय, हळूहळू, चमच्याचमच्यानं, विजयी मुद्रेनं. निघताना त्यानं टेलरचं मनगट धरलं.

"आता खरी मरळ आन. पन घाई नको करू. पिल्लावरची नको आनू. दिवाळीनंतर पिल्लं मोठी होतीन, मंग आन. मी थांबतो."

बाहेर येऊन टेलर हातपंपावर हात धूत राहिला. मी पंप मारत होतो. खूप वेळ मारला.

दसरू खायला लागला, हे खरं. पेज, वरण, अंड्याचा पातळ रस्सा. चव विचारली की म्हणे, "अजून राखडच हाय, पन मरळ खाल्ल्याबिगर का समजन?" येईल त्याला टेलर हरल्याची गोष्ट सांगे. अर्जुनीच्या बाजारापर्यंत ती पोहोचली. "का टेलरसाहेब, डाडक बसली का घशात?" असं पानठेल्यावरून कोणी ना कोणी ओरडे. टेलर मान हलवी. जमुनाबाईला तेवढं त्यानं खरं सांगितलं होतं. तिनं त्या संध्याकाळी त्याला अंघोळीशिवाय आत घेतलं.

रविवारी तो पाळीवर जातच राहिला. जाणं भाग होतं, सोमवारी दसरू विचारी, "लागली?" आणि टेलर म्हणे, "नाही लागली." मी एकदा त्याला जेवणाचा डबा द्यायला म्हणून गेलो. बेशरमाच्या टोकाला नाही, नेहमीच्या जागी बसला होता. शेजारी दसरूची जागा रिकामी, तिथे त्यानं आपली चप्पल ठेवली होती. रीळ पाण्यावर स्थिर.

"काका, डाडक तरी लागते का?"

उत्तर म्हणून त्यानं काठी उचलली. गरी वर आली, पाणी गाळत, चकचकीत, कोरी. ना गांडूळ, ना बेडकी.

"लागली त का करू?" तो म्हणाला. "डाडक लागली त त्याले दाखवता येत नाही. मरळ लागली त... मरळ नाही आता. असली तरी त्याले खाऊ घालता येत नाही. परीक्षा होऊन गेली तिची. पन 'नाही लागली' हे तरी खोटं नको."

गरी त्यानं पुन्हा पाण्यात सोडली.

धान कापणीला आलं तेव्हा दसरू गेला. दिवाळी होऊन गेली होती. त्याच्या हिशेबानं पिल्लं मोठी झाली असती. टोलीच्या मागे, मोहाच्या झाडाखाली त्यांच्या लोकांच्या रीतीनं त्याला माती दिली. मंगलीबाईनं त्याची काठी टेलरला आणून दिली. म्हणाली, "बुढा म्हने, केशोले सांगा, थो हरला म्हनून वाईट नको वाटून घेऊ. डाडक बी वाईट नसते. रशाले बरी."

टेलरनं काठी घेतली. बेसनाचं काही म्हणाला नाही.

परवा हायस्कूलचा एक नवा गुरुजी पँट शिवायला आला. कोणीतरी त्याला आधीच शिकवून पाठवलं असावं. माप देता देता तो म्हणाला, "काका, ऐकलं की तुम्ही मासोळ्यांतले जाणकार. डाडक चांगली की मरळ?"

पत्र्याआड माझ्या हातातला स्क्रू तसाच राहिला.

"मरळ," टेलर म्हणाला.

"पण लोक तर म्हणतात तुम्ही डाडकवाले."

"होतो." टेप सरकल्याचा आवाज आला. "पोट आत नका घेऊ, गुरुजी. हाय तसं राहू द्या. आत घेतलं त मंग पँट बसत नाही."